चोरमास्तरांची पाटी

पाटीवाल्या बाई पहिल्यांदा आमच्या गल्लीत दिसल्या तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, "ही बाई काही सरळ दिसत नाही." हे दाढी करत होते. गालाला फेस तसाच ठेवून म्हणाले, "तुला आजवर सरळ कोण दिसलंय? माझ्याशी लग्न केलंस तेसुद्धा चार ठिकाणी चौकशी करून." खरं आहे त्यांचं. पण चौकशी केली म्हणून तर संसार टिकला, असं माझं मत आहे.

मी कपडे शिवते. माझ्या धंद्यात माणसावर विश्वास ठेवून चालत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, माझं वजन वाढलेलं नाही हो, कापडच आटलंय. मी मान डोलावते आणि गुपचूप टेप काढते. ह्या बाईंसाठीही मी मनातल्या मनात टेप काढली. पिकलेले केस, सपाट चपला, खांद्याला कापडी पिशवी, आणि चालताना लक्ष रस्त्याकडे नाही, घरांच्या भिंतींकडे. घरांच्या भिंती बघत चालणारी बाई एकतर बिल्डरची, नाहीतर पालिकेची. दोन्हींत आपलं भलं नाही.

निघाल्या भलत्याच. वाचनालयातून निवृत्त झालेल्या होत्या आणि आता वेळ जात नाही म्हणून जुन्या घरांवर छोट्या पाट्या लावत होत्या. इथे कोण राहत होतं आणि आयुष्यभर काय करत होतं, एवढंच पाटीवर. मोठ्या लोकांचे पुतळे असतात, म्हणे, मला बाकीचे हवेत. पहिली पाटी लागली कोपऱ्यावरच्या घरावर, दवाखान्यातल्या चादरी धुणाऱ्या बाईची. दुसरी, चौकातल्या घड्याळाला रोज चावी देणाऱ्या म्हाताऱ्याची.

मग काय विचारता! गल्लीला वेडच लागलं. ज्या सासऱ्याला जिवंतपणी कुणी पाणी विचारलं नाही, तो एकदम देवमाणूस झाला. समोरच्या घरातल्या सुनेने तर आपल्या आजेसासूच्या गुणांची अशी काही यादी सांगितली की ऐकणाऱ्याला वाटावं, हिला रोज रडवणारी ती म्हातारी दुसरीच कुणी असेल. मी दुकानाच्या पायरीवर काज करत बसायचे आणि सगळं ऐकायचे. मजा येत होती, खोटं कशाला बोलू. पण मजेच्या खाली धास्तीही होती. कारण घरं ओलांडत ओलांडत बाई आमच्या बाजूला सरकत होत्या, आणि आमच्या घरात सांगण्यासारखं एकच माणूस होतं. माझे बाबा.

बाबांना गल्ली चोरमास्तर म्हणायची.

हे मी आज नीट लिहिते आहे, पण लहानपणी हा शब्द ऐकला की मी हातात असेल ते फेकायचे. बाबा टेलर. हेच दुकान, हीच खिडकी, मागे हीच खोली. टेलर कापड मारतो, हे जगात सगळीकडेच म्हणतात. पण बाबांच्या बाबतीत लोक नुसतं म्हणून थांबले नाहीत. शर्टाला कापड दिलं की उरलेला तुकडा परत मागायचे आणि तो नेहमी कमी भरायचा. कुणाचा वीतभर, कुणाचा हातभर. बाबा म्हणायचे, "कटिंगमध्ये गेलं." एकदा गेलं, दोनदा गेलं, दरवेळी कसं जाईल?

मग वखारवाल्यांचा तमाशा झाला. लाकडाची वखार त्यांची, दुमजली घर, आवाज सगळ्या गल्लीला पुरेल एवढा. त्यांनी लांबून कुठून तरी भारी कापड आणलं होतं, निळ्या पट्ट्यांचं. शर्ट झाला, तुकडा परत गेला, आणि वखारवाल्यांनी तो घरी मोजला. दुसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी दुकानासमोर उभं राहून त्यांनी बाबांची अब्रू काढली. बाबांच्या गळ्यातली टेप ओढली. मशीनला लाथ मारली. मी दाराआड होते, आई मागच्या खोलीच्या उंबऱ्यात होती, वखारवाल्यांची बायको नवऱ्याच्या मागे डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. सगळी गल्ली बघत होती. आणि बाबा, ज्यांची कात्री आयुष्यात सूतभर चुकली नाही, ते म्हणाले, "मापात चूक झाली असेल माझ्याकडून."

झालं. कबुलीच की ती! त्या दिवसापासून पुरुषांचे कपडे यायचे बंद झाले. बाबा उरलेलं आयुष्य उसवलेल्या शिवणी घालत, बायकांचे कपडे सैल-घट्ट करत बसले. मला शाळेत चोराची पोर म्हणायचे आणि मी म्हणणाऱ्याचे केस ओढायचे. बाबांनी चोरी केली नाही हे मला माहीत होतं. कसं, ते विचारू नका. मला माहीत होतं.

आता बाबा नाहीत. वखारवालेही गेल्या थंडीत गेले. शब्द जुना झाला, बोलणारे थकले, आणि आई माझ्यापाशी असते. दुकानामागच्या त्याच खोलीत. तिचे डोळे अधू झालेत, कान मात्र शाबूत आहेत. तिच्या कानावर तो शब्द परत पडता कामा नये, एवढीच माझी धडपड. बाकी पाट्या लावा नाहीतर तोरणं बांधा, माझं काही म्हणणं नाही.

म्हणून बाई दुकानात आल्या आणि "मला तुमच्या वडिलांबद्दल थोडं बोलायचं होतं," असं हळू आवाजात म्हणाल्या, तेव्हा मी कात्री खाली ठेवली.

"काय बोलायचंय?"

"इथे नको. आई आत आहेत ना? बाहेर येता का?"

आईच्या मागे बोलायचंय! म्हणजे गल्लीने सगळं कानात ओतलेलं दिसतंय. मी म्हटलं, "बाई, माझे वडील टेलर होते. कपडे शिवायचे. मेले. झाली तुमची पाटी. आणि तीही आम्हाला नको."

"तसं नाही हो, एक गोष्ट आहे जी..."

"गोष्टी वाचनालयात असतात," मी म्हटलं आणि पडदा ओढला. दोन दिवसांनी परत आल्या. मी इस्त्रीची वाफ अशी सोडली की त्या पायरीवरूनच मागे फिरल्या.

पण त्या गेल्या कुठे? सरळ वखारवाल्यांच्या घरी! मी खिडकीतून पाहिलं. एकदा नाही, रोज. ज्या घराने बाबांना धुळीला मिळवलं, तिथे ही बाई रोज चहा पिते, आणि वखारवाल्यांची बायको, त्या म्हाताऱ्या काकू, ज्या माझ्याशी उभ्या जन्मात धड बोलल्या नाहीत, तिच्याशी तासन्‌तास बोलतात. एकदा मी मुद्दाम त्यांच्या भिंतीला लागून गेले. आतून काकूंचा आवाज आला, "...चोरमास्तर म्हणायचो आम्ही त्यांना," आणि दोघी हसल्या.

हसल्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, आधी विचार तरी, काय चाललंय ते." मी म्हटलं, "चोराला विचारून कुणी पकडतं का?" आणि मग आपणच कुठला शब्द वापरला ते लक्षात येऊन मला रडू फुटलं. ह्यांनी गॅस बंद केला आणि माझ्याशेजारी येऊन बसले.

शेवटी घडलं ते पाटी रंगवणाऱ्याच्या दुकानात. मी दुकानाच्या बोर्डाचं विचारायला गेले होते, हे मी त्याला सांगितलेलं कारण. खरं म्हणजे मी हेरगिरीला गेले होते. हा माणूस स्वतःच्या हातावर फार खूश. बाकीचे रंगारी आधी खडूने अक्षरं आखून घेतात, हा थेट ब्रश टेकवतो. "हात बसलाय आपला," असं येता-जाता सांगतो. तो समोर चहा प्यायला गेला होता. दुकानात पाट्या वाळत टेकवून ठेवलेल्या. पांढऱ्यावर निळी अक्षरं. एकीवर दूध घालणारी कुणी, एकीवर शाळेची घंटा देणारा कुणी. आणि रंगाऱ्याच्या लाकडी घोडीवर, अर्धवट, ओली, एक पाटी. वरच्या ओळीत माझ्या बाबांचं नाव, आडनावासकट. खाली दुसरी ओळ नुकती सुरू केलेली. दोनच अक्षरं.

चोर.

मी इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. रंगाच्या डब्याशेजारी टर्पेंटाइनचं फडकं होतं, ते उचललं आणि ती दोन अक्षरं घासून टाकली. निळा ओघळ बाबांच्या नावावर गेला. मग पाटी तशीच काखेत मारली आणि निघाले. मागून रंगारी चहाचा कप हातात घेऊन ओरडत होता, "अहो ताई, ओली आहे! अहो, पूर्ण तरी होऊ द्या!" पूर्ण होऊ द्या म्हणे. माझ्या कपड्यांची काय दशा झाली असेल ते मला घरी जाऊन कळणार होतं.

वखारवाल्यांचं दार उघडंच होतं. पाटीवाल्या बाई खुर्चीत, काकू पलंगावर उशीला टेकून. मी पाटी काकूंच्या पायांपाशी आपटली.

"लाज नाही वाटत?" मी म्हणाले. "तुमच्या नवऱ्याने जिवंतपणी त्यांचं नाव खराब केलं, आता ते मेल्यावर तुम्ही भिंतीवर लिहून ठेवताय? चोर? माझी आई अजून जिवंत आहे! रस्त्याने जाणारं प्रत्येक पोर मोठ्याने वाचेल आणि ती आत बसून ऐकेल!"

पाटीवाल्या बाई उभ्याच राहिल्या. "अहो, 'चोर' नाही हो," त्या म्हणाल्या. "चोरखिसा. 'चोरखिसे शिवणारे मास्तर.' रंगाऱ्याचं पुढचं लिहायचं राहिलं असेल."

मला काही कळलं नाही. चोरखिसा म्हणजे काय ते मला कळत नाही असं नाही. कपड्याच्या आत, वरून दिसणार नाही असा खिसा. मीही शिवते कधीमधी, प्रवासाच्या कोटांना. पण त्याचा इथे काय संबंध?

काकूंनी उशीखाली हात घातला आणि एक जुना, धुऊन धुऊन विरलेला परकर माझ्यापुढे धरला. "आतून बघ," म्हणाल्या.

मी परकर उलटा केला. कमरेच्या पट्टीखाली, अस्तराच्या आत, तळहाताएवढा खिसा होता. टीप इतकी बारीक की वरून बोट फिरवलं तरी लागू नये. अशी टीप घालणारा एकच हात मला ठाऊक होता. कापड निळ्या पट्ट्यांचं होतं.

"आम्हा सगळ्यांना शिवून दिले त्यांनी," काकू म्हणाल्या. "ह्या गल्लीत कुठल्या बाईच्या हातात स्वतःचं काही राहायचं गं? लोणी विकलं, विणकाम केलं, माहेरून काही आलं, संध्याकाळपर्यंत नवऱ्याच्या हातात. पेट्या तपासायचे, डबे तपासायचे. कमरेची शिवण कोण तपासणार? कपडे सैल करायला म्हणून आम्ही जायचो. मास्तर विचारायचे नाहीत, कशाला हवाय. कापड मात्र ज्याच्या त्याच्या घरचंच घ्यायचे, उरलेल्यातलं. म्हणजे धुताना कुणाला दिसलं, तरी घरचंच ठिगळ वाटावं. आमच्यातच आम्ही त्यांना चोरमास्तर म्हणायचो. चोरखिसेवाले मास्तर, एवढं लांबलचक कोण म्हणणार? पुरुषांच्या कानावर अर्धंच गेलं, आणि तेवढंच त्यांना पुरलं."

मी परकर घट्ट धरून ठेवला. "आणि त्या दिवशी?"

काकूंनी डोळे मिटले. "त्या दिवशी हा माझ्या अंगात होता. पट्ट्यांचं कापड मीच मागितलं होतं. मास्तर नको म्हणत होते, भारी आहे, लक्षात येईल म्हणाले. मी हट्ट केला. ह्यांच्याच भारी शर्टाच्या कापडात ह्यांच्यापासून लपवायचं, त्यात मला गंमत वाटली होती. वय होतं तसं."

"तुम्ही तिथे उभ्या होतात."

"होते."

"त्यांच्या मशीनला लाथ बसली तेव्हा तुम्ही तिथे उभ्या होतात, तोच तुकडा कमरेला लावून, आणि तोंडाला कुलूप!"

"बोलले असते तर ह्यांनी मला घरी नेऊन काय केलं असतं ते तुला सांगायला नको. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. आणि मग म्हणाले, मापात चूक झाली."

पाटीवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "काकूंना ते स्वतः तुम्हाला सांगायचं होतं. धीर होत नव्हता. म्हणून मी आले होते तुमच्याकडे, दोनदा."

मला खरं तर काकूंचे पाय धरायला हवे होते, असं कुणाला वाटेल. मी धरले नाहीत. मला राग आला होता आणि तो राग खरा होता. एक बाई घाबरली, समजू शकते. पण गल्लीभर बायका! खिसे सगळ्यांचे, आणि नाव एकट्याचं गेलं. नवरे मेल्यावर तरी बोलायचं होतं. मी तसं म्हटलं. काकू म्हणाल्या, "हो. बोलायला हवं होतं." वर काही सबब सांगितली नाही. तेवढं एक मला बरं वाटलं.

"परकर नेऊ?" मी विचारलं.

"तुझाच आहे," काकू म्हणाल्या.

घरी येताना मी जवळजवळ पळत होते. वाटेत रंगारी भेटला, त्याला म्हटलं, नवीन कर, आणि ह्यावेळी आधी खडूने आख. तो काहीतरी पुटपुटला. मला फक्त आई दिसत होती. आता तिला सांगायचं! इतकी वर्षं जे मान खाली घालून ऐकलं, ते सगळं खोटं होतं, उलट होतं, हे मी तिला सांगणार होते, आणि तिचा चेहरा कसा होईल ते मी चालता चालताच बघत होते.

आई खाटेवर बसून ऊन घेत होती. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. एका दमात, अगदी रंगाऱ्यापासून. तिचा हात धरून खिशावर ठेवला. तिने बोटाने टीप चाचपली. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग परत.

"त्यांचीच आहे," ती म्हणाली.

"मग! मी सांगत होते की नाही? सगळ्यांशी भांडत होते की नाही मी?"

"भांडायचीस." आईने परकराची घडी घातली, पुन्हा मोडली. "तू भांडून यायचीस ना, केस विस्कटलेले, गुडघे फुटलेले, तेव्हा मला वाटायचं, पोर लहान आहे. तिला कळत नाही."

मला आधी समजलंच नाही ती काय बोलतेय ते. मग समजलं, आणि मला वाटलं, मी हे ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

"आई," मी म्हटलं, "तुला वाटायचं बाबांनी..."

"स्वतःच्या तोंडाने चूक झाली म्हणाले की. गल्लीसमोर. ज्या माणसाचं माप कधी चुकलं नाही तो चूक झाली म्हणाला, तर बायकोने काय समजायचं?"

"विचारायचंस तरी!"

"हो म्हणाले असते तर? मग कुठे जाणार होते मी, तुला घेऊन?"

बाहेर दुकानात कुणी गिऱ्हाईक आलं. ह्यांनी त्याला, ताई नाहीत, उद्या या, असं सांगितलेलं ऐकू आलं. मी आईला विचारलं, पाटी लावू की नको. ती लाव म्हणाली. चांगली वर लाव, लोकांना वाचता येईल अशी. मग तिने खिशात दोन बोटं घातली.

"तुला आठवतं का," ती म्हणाली, "ते माझ्यासाठी कापड आणायचे. वर्षातून एकदा तरी. चांगलं असायचं, पोत बघूनच आणलेलं. स्वतः शिवायचे, दुकान बंद झाल्यावर. मी एकही अंगाला लावलं नाही. कुणाचं मारलेलं असेल, म्हणून. मी घडी घालून ठेवायचे आणि गल्लीत कामाला येणाऱ्या बाईला देऊन टाकायचे."

"बाबा काही म्हणायचे नाहीत?"

"विचारायचे ना. रंग आवडला नाही का, म्हणून विचारायचे."

"मग तू?"

"मी म्हणायचे, हो," आई म्हणाली. "रंग नाही आवडला."